लसणाचे लाड

झाडांवर माया करा, ती मायेची परतफेड करतात, असे सांगणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी लसूण लावलेला नसतो, याविषयी आता माझ्या मनात शंका उरलेली नाही. गुलाबाची छाटणी करावी, जास्वंदीला खत घालावे, मनीप्लांटची पाने ओल्या फडक्याने पुसावीत. ही झाडे त्या सेवेची निदान पोच तरी देतात. लसणाचे तसे नाही. पाणी थोडे जास्त झाले की तो कुजतो, खताचा हात सैल सुटला की नुसती पात माजते, आणि ऊब मिळाली तर खाली गड्डा धरायचा असतो हेच तो विसरून जातो. याउलट त्याला आरंभी थंडीत कुडकुडत ठेवावे, ऐन उमेदीत त्याचा फुलोरा छाटावा आणि शेवटी त्याचे पाणी तोडावे, म्हणजे तो प्रसन्न होऊन गच्च भरतो. ज्याच्या अंगी मुळातच माया आहे अशा माणसाने या पिकाच्या वाटेला जाऊ नये. माझ्या अंगी माया आहे आणि मी लसूण लावते. आमच्या घरातील बहुतेक कलहांचे मूळ एवढ्या एका वाक्यात सापडेल.

लागवडीची कृती ऐकताना कोणालाही वाटते की यात काय एवढे विशेष. चांगला भरलेला गड्डा घ्यावा, त्याच्या पाकळ्या सुट्या कराव्यात, साल मात्र काढू नये, त्यांतल्या मोठ्यात मोठ्या पाकळ्या निवडून भुसभुशीत आणि पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत चपटा तळ खाली आणि टोक वर अशा रीतीने ४-५ सेंटिमीटर खोल पुराव्यात, दोन पाकळ्यांत १०-१५ सेंटिमीटर अंतर ठेवावे, आणि कुंडीला दिवसातून निदान ६ तास ऊन मिळेल असे पाहावे. झाले. एवढ्यावर हा विषय मिटला असता तर मी लेख न लिहिता लसूणच सोलत बसले असते. पण यातील प्रत्येक सूचनेला घरातून हरकत निघते. "मोठ्या पाकळ्या मातीत घालायच्या आणि चिरगुटं आपण खायची, हा कुठला न्याय?" हा यजमानांचा पहिला प्रश्न असतो आणि तो दर हंगामात नव्याने सुचल्यासारखा विचारला जातो. मोठ्या पाकळीत अन्नाचा साठा जास्त असतो, त्यामुळे रोप जोमदार होते आणि गड्डाही मोठा धरतो, हे उत्तर मीही तितक्याच गांभीर्याने देते. सासूबाईंचे म्हणणे निराळे असते. त्यांच्या मते १५ सेंटिमीटर अंतर म्हणजे जागेची निव्वळ उधळपट्टी आहे, म्हणून माझी पाठ फिरली की दोन पाकळ्यांच्या मध्ये त्या हळूच तिसरी खोचतात, आणि ती घाईने खोचलेली असल्यामुळे बहुधा उलटी असते. उलटी पाकळीसुद्धा उगवते, हे लसणाच्या हट्टी स्वभावाचे लक्षण मानावे लागेल. तिचा कोंब आधी खाली जातो, मग चूक उमगल्यागत वळसा घेऊन वर येतो. त्या वळशात शक्ती खर्ची पडते आणि गड्डा वाकड्या मानेचा निघतो. नेमका तोच गड्डा पुढे सासूबाईंच्या हाती लागतो आणि "तुझी मातीच बरोबर नाही," असा निकाल देऊन त्या मोकळ्या होतात.

बहुतेक पिकांचे बी आणून पेरता येते. लसणाची ती सोय नाही. माणसाने हजारो वर्षे पाकळ्याच लावत ठेवल्यामुळे लागवडीतल्या लसणाची बी धरण्याची ताकद जवळजवळ नाहीशी झाली आहे, आणि मध्य आशियातील काही मोजक्या वाणांपासून खरे बी मिळवण्यात संशोधकांना यश आले तेही १९८०च्या दशकात. त्यामुळे आपण जी पाकळी पुरतो ती कोणाचे बाळ वगैरे नसून एका अतिशय वृद्ध जिवाचाच सुटा झालेला तुकडा असतो, आणि वृद्धांना नव्या सवयी लावू पाहण्यात काय हशील असते हे वेगळे सांगायला नको. हा वृद्ध मूळचा मध्य आशियातला, कडक हिवाळ्याच्या मुलखातला. तो तुमच्या बाल्कनीत राहायला आला तरी त्याला तिथला हिवाळा हवा असतो, आणि तो तुम्ही द्यायचा असतो.

साधारण १० अंश सेल्सियसच्या खाली काही आठवडे काढले म्हणजे पाकळीच्या आत पुढच्या गड्ड्याची तयारी होते, आणि नंतर दिवस मोठे होऊ लागले की ती खूण ओळखून गड्डा भरू लागतो. काही वाणांना थंडी कमी चालते. माझ्या वाट्याला आलेला वाण त्यांतला नव्हे. थंडी मिळाली नाही तर पात हिरवीगार वाढते, शेजारीपाजारी कौतुक करून जातात, आणि उपटल्यावर खाली पाकळ्या न पडलेली एकच गोल गाठ मिळते. म्हणजे मातीत जेवढे घातले तेवढेच किंचित फुगून परत. ज्यांच्या दाराबाहेर निसर्ग ही थंडी फुकट पुरवतो त्यांना पुढची हकीकत अतिशयोक्त वाटेल. उरलेल्यांना फ्रिजचा आश्रय घ्यावा लागतो.

फ्रिज ही कोणत्याही घरातली सर्वांत वादग्रस्त जमीन असते. तिच्यावर प्रत्येकाचा थोडाथोडा कब्जा असतो आणि सीमा कोणीच आखलेल्या नसतात. अशा ठिकाणी दीड-दोन महिने लसणाच्या पाकळ्यांचे बिऱ्हाड वसवायचे म्हणजे आधी जनमत तयार करावे लागते. पिशवी कागदाची किंवा जाळीची हवी, कारण प्लास्टिकमध्ये ओल साचून बुरशी धरते; आणि कागदी पिशवीचा दोष असा की तिच्यातून हवा येते-जाते तसा वासही येतो-जातो. मी पिशवीवर ठळक अक्षरांत 'बियाणे. खाऊ नये.' असे लिहून ठेवले. दुसऱ्या दिवशी मुलीच्या अक्षरात खाली 'हुंगूही नये.' अशी भर पडली होती. यजमानांचा आक्षेप लोण्यापासून सुरू होतो. स्निग्ध पदार्थ शेजारचा वास चटकन उचलतात आणि मग सोडत नाहीत. सकाळी पावाच्या पहिल्या घासाबरोबर लसूण पुढे आला की ते घास संपवतात, पाण्याचा घोट घेतात आणि अत्यंत सभ्य स्वरात विचारतात, "याचा हिवाळा कधी संपणार आहे?" मी तारीख सांगते. ते ती कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवतात. आमच्या कॅलेंडरच्या एका पानावर विम्याचा हप्ता, मुलीची परीक्षा आणि 'लसूण बाहेर' अशा तीन नोंदी एकाखाली एक आहेत, आणि त्यांतल्या तिसऱ्या नोंदीखाली दोन रेघा मारलेल्या आहेत.

वास्तविक अखंड पाकळीला जवळजवळ वास नसतो, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. लसणात ॲलिइन नावाचे गंधकयुक्त पण बिनवासाचे द्रव्य एका कप्प्यात असते आणि ॲलिनेज नावाचे विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात असते. दोघे आयुष्यभर शेजारी राहतात आणि एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. पाकळी चिरली, ठेचली किंवा चावली की मधल्या भिंती फुटतात, दोघांची गाठ पडते आणि काही सेकंदांतच ॲलिसिन तयार होते. नाकात शिरणारे, जिभेला चटका देणारे, डोळ्यांच्या कडा ओल्या करणारे ते हेच. कॅव्हॅलिटो आणि बेली या दोन अमेरिकी संशोधकांनी १९४४ मध्ये ते वेगळे काढून त्याचे जंतुनाशक गुण दाखवले. कुरतडायला आलेल्या प्राण्याच्या तोंडात ऐन वेळी फुटावे म्हणून झाडाने हा बंदोबस्त करून ठेवलेला आहे, आणि माणूस हा एकमेव प्राणी असा की जो तो बंदोबस्त हौसेने फोडतो आणि वर तेलात परततो. थोडक्यात, हे झाड इतके मानी आहे की इजा केल्याशिवाय ते वाससुद्धा देत नाही. अखंड पाकळी तशीच उकळली तर उष्णतेने विकर निकामी होते आणि पाकळी गोडसर, मवाळ लागते. तीच आधी ठेचून दहा मिनिटे बाजूला ठेवली की तिचा खरा स्वभाव कळतो. माझ्या पिशवीतल्या पाकळ्या अखंड होत्या. फक्त त्या पिशवीवर रोज कोणीतरी भला मोठा कोबी आणून ठेवत असे, आणि तो कोण ठेवत असे याचा तपास अद्याप लागलेला नाही.

पाकळ्या एकदा मातीत गेल्या की वाट पाहणे सुरू होते. वाण आणि हवामान यांप्रमाणे लसूण तयार व्हायला ४ ते ९ महिने लागतात, आणि एवढ्या काळात तो आपल्या प्रगतीविषयी चकार शब्द काढत नाही. टोमॅटो निदान लाल तरी होतो. लसणाचा सगळा कारभार जमिनीखाली चालतो, वर दिसते ती केवळ पात. आणि उकरून पाहावे म्हटले तर मुळे उथळ असल्यामुळे दुखावतात. घरातले लोक मात्र अहवाल मागतात.

"काय करतोय तुझा लसूण?"

"मुळं धरतोय."

पुढच्या महिन्यात पुन्हा तोच प्रश्न येतो आणि उत्तरही तेच जाते, तेव्हा यजमान चष्मा काढून म्हणतात, "अजून धरतोच आहे? एवढ्या वेळात लोकांची घरं बांधून होतात."

या काळात त्याला कमीत कमी त्रास द्यायचा, म्हणजे फारसे काही करायचेच नाही, एवढे साधे पथ्य असते. पण काही न करणे हे आमच्या घरात कोणालाच जमत नाही. मातीत पेरभर बोट घालावे आणि कोरडी लागली तरच पाणी द्यावे, हा नियम मी सर्वांना समजावून सांगितला. सर्वांनी माना डोलावल्या. मग सासूबाईंनी सकाळी पाणी घातले, कारण "कोवळं रोप आहे, तहान लागते." दुपारी मुलीने घातले, कारण तिच्या वहीत झाडांना पाणी घालण्याचा उपक्रम होता. संध्याकाळी यजमानांनी घातले, कारण सकाळच्या लोण्यावरून आमचे वाजले होते आणि क्षमायाचना करण्याची त्यांची हीच एक पद्धत आहे. मी झारी लपवली. तेव्हापासून कुंडीजवळ कधी पेला सापडतो, कधी दुधाचे पातेले. मी घरात प्रथमच कुलूप घालून ठेवलेली वस्तू दागिना नसून झारी आहे.

त्यात शेजारच्या काकूंची भर असते. काकूंचा माझ्यावर जीव आहे आणि माझ्या कुंड्यांवर त्याहून अधिक. चहाचा चोथा, अंड्यांची टरफले, तांदूळ धुतलेले पाणी, मासे धुतलेले पाणी, यांपैकी काहीतरी घेऊन त्या दाराशी येतात आणि "अगं, बघ कसा तरारतो," असे म्हणून माझ्या परवानगीची वाट न पाहता ते ओतून मोकळ्या होतात. पात वाढण्याच्या काळात नत्र मिळाले तर लसणाला ते मानवते, हे खरे. पण गड्डा भरू लागल्यावर नत्राची चैन चालू राहिली तर सगळा जोर पातीत जातो आणि गड्डा बारीक राहतो, शिवाय साठवणीतही टिकत नाही. म्हणून एका ठराविक काळानंतर नत्र थांबवावे असे सांगितले जाते. नत्र थांबवणे सोपे असते. काकूंना थांबवण्याची कृती मला कोणत्याच बागकामाच्या पुस्तकात सापडली नाही.

"लसणाजवळ कीड फिरकत नाही, तेवढी तरी चिंता नाही," असे धीर देणारेही भेटतात. त्यांना मी पातीवरचे फुलकिडे दाखवते. डोळ्यांना जेमतेम दिसणारे हे जीव पातीच्या बेचक्यात दडून रस शोषतात आणि पातीवर चंदेरी ओरखडे उमटवून ठेवतात. लसणाचा वास त्यांना रुचत असावा, निदान खुपत तरी नसावा. पण खरी थट्टा केली आहे ती पांढऱ्या कुजीच्या बुरशीने. तिच्या बारीक काळ्या गुठळ्या जमिनीत २० वर्षेसुद्धा निपचित पडून राहू शकतात. त्यांना जाग येते ती लसणाच्या आणि कांद्याच्या मुळांतून झिरपणाऱ्या गंधकयुक्त द्रव्यांनी. ज्या वासाच्या जोरावर हे झाड साऱ्या सृष्टीला दटावते, तोच वास त्याच्या सर्वांत वाईट शत्रूला झोपेतून उठवतो! यावर शास्त्रज्ञांनी काढलेला तोडगा मला मनापासून आवडला. लागवड नसलेल्या मोकळ्या जमिनीत लसणाच्या वासाची द्रव्ये सोडायची. बुरशी ताडकन जागी होते, तिला खायला काहीच मिळत नाही आणि ती उपासमारीने मरते. पाने मांडून, पाहुण्यांना मोठ्याने हाक मारून घरधन्याने मागच्या दाराने पसार व्हावे, तसला हा डाव आहे. आमच्या कुंडीत ही बुरशी अजून आलेली नाही. काकूंच्या पाण्यापुढे तिचा टिकाव लागेल असे मला वाटतही नाही.

लसणाच्या ताठ मानेच्या वाणांमध्ये, हंगाम भरात आला की पातीच्या मधून एक हिरवा दांडा वर येतो, त्याला आपोआप डौलदार वळसा पडतो आणि टोकाशी फिकट, अणकुचीदार कळी धरते. सगळ्या महिन्यांत हे झाड पाहण्याजोगे दिसते ते याच आठ-पंधरा दिवसांत. आणि नेमके तेव्हाच ते कापायचे असते, कारण दांडा राहू दिला तर गड्ड्याचा खाऊ तो पळवतो. कात्री घेऊन मी बाल्कनीत गेले की सासूबाई आत निघून जातात. कापलेले दांडे चिरून परतले की फार चवदार लागतात, हे त्यांनाही मान्य आहे, परंतु खाताना त्या "बिचाऱ्याला फूल काही येऊ दिलं नाही," असे म्हणायला विसरत नाहीत आणि दुसऱ्यांदा वाढून घेतात.

त्यानंतर पाणी तोडायचे. काढणीच्या आधी साधारण दोन आठवडे पाणी बंद केले नाही तर गड्ड्याची साले कुजतात. खालची पाने पिवळी पडू लागतात, मग तपकिरी होतात, आणि त्याबरोबर माझ्या वागणुकीविषयी घरात कुजबुज सुरू होते. झारीची किल्ली माझ्याकडे असल्यामुळे सर्वजण माझ्याकडे संशयाने पाहतात. काढणीचा मुहूर्त ठरवणे हे या सगळ्या प्रकरणातले सर्वांत नाजूक काम आहे. लसणाचे प्रत्येक पान खाली गड्ड्याभोवती एकेक पापुद्रा होऊन गुंडाळलेले असते. पान वाळले की तो पापुद्राही विरू लागतो. सगळी पाने वाळेपर्यंत थांबले तर साले मातीतच नाहीशी होतात आणि पाकळ्या फाकून सुट्या होतात. घाई केली तर गड्डा अर्धवट भरलेला निघतो. म्हणून खालची तिसरा हिस्सा ते निम्मी पाने वाळली आणि वरची अजून हिरवी आहेत, अशा वेळी तो काढायचा. पात धरून ओढायचे नाही. खुरपे गड्ड्यापासून लांब रोवून माती सैल करायची आणि बोटे आत सरकवायची. अंधारात आधी केसांसारख्या मुळांचा जुडगा लागतो, मग गार, घट्ट, फुगीर असे काहीतरी; अंगठा फिरवला की सालीखालच्या पाकळ्यांचे उंचवटे मोजता येतात. वर काढल्यावर साल ओलसर पांढरी असते, तिच्यावर जांभळ्या रेघा असतात आणि मुळांत मातीचे ढेकूळ अडकलेले असते. ते आपटून झाडण्याचा मोह प्रत्येकाला होतो. आपटले की गड्ड्याला मुका मार बसतो आणि तो साठवणीत सडतो. धुवायचाही नाही. बोटांनी चोळून माती काढायची. एवढ्या महिन्यांत प्रथमच लसणाला हळुवार हाताची गरज असते, आणि नेमके तेव्हाच सगळे घर त्याला आपटायला उत्सुक असते.

काढलेला लसूण पातीसकट सावलीत, वारा खेळता राहील अशा जागी २ ते ४ आठवडे वाळवावा लागतो. आमच्याकडे अशी जागा एकच आहे आणि तिथे कपडे वाळत घालतात. या विषयावर मी अधिक लिहिणार नाही. एवढेच सांगते की यजमानांच्या कार्यालयात त्या दिवसांत त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी असे आणि आपल्याला एकाग्रतेने काम करता येते याचे श्रेय ते स्वतःला देत असत.

वाळून झाल्यावर निवड होते. सर्वांत मोठे, निर्दोष गड्डे पुढच्या लागवडीसाठी बाजूला जातात, त्यामुळे खाण्यासाठी उरतात ती चिरगुटे. ती सोलता सोलता नखे दुखू लागतात आणि अंगठ्याला आठवडाभर वास येत राहतो.

आता कोणी विचारेल की एवढा जाच सोसून हे करायचे कशाला. त्यासाठी लसणाच्या औषधी गुणांकडे वळावे लागते, आणि तिकडे वळले की घरात आणखी एक आघाडी उघडते. घराणे जुने आहे, यात वाद नाही. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० मधल्या इबर्स पपायरस या इजिप्शियन वैद्यकीय ग्रंथात लसूण आहे. १९२२ मध्ये सापडलेल्या तुतनखामेनच्या कबरीत लसणाचे गड्डे निघाले. पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांच्या मुळा, कांदा आणि लसूण यांवर किती चांदी खर्ची पडली याचा लेख तिथे कोरलेला होता, असे हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने नोंदवून ठेवले आहे. १८९० मध्ये मध्य आशियातील कुचा इथे सापडलेल्या बावर हस्तलिखित या प्राचीन संस्कृत पोथीचा वैद्यकीय भाग तर लसणापासूनच सुरू होतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्याची जन्मकथाही आहे: चोरून अमृत पिणाऱ्या राहूचा गळा कापला गेला तेव्हा जमिनीवर जे थेंब सांडले त्यांतून लसूण उगवला. म्हणजे या झाडाच्या जन्माच्या वेळीसुद्धा कोणाचा तरी गळा कापल्याशिवाय काम भागले नाही, हे मला विशेष वाटते.

हे सारे मी जेवताना सांगते. त्यावर आमची मुलगी मोबाइल काढते. तिच्या पिढीला वाग्भट पुरत नाही. तिने शोधून दाखवले की २००७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी वाईट कोलेस्टेरॉल माफक वाढलेल्या १९२ प्रौढांवर ६ महिने प्रयोग केला, त्यांतल्या काहींना कच्चा लसूण दिला, काहींना लसणाच्या गोळ्या, काहींना नुसत्या नकली गोळ्या, आणि शेवटी कोणाच्याही वाईट कोलेस्टेरॉलमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मी तिला सर्दीचा प्रयोग शोधायला लावले. तोही सापडला: १४६ माणसांवर १२ आठवडे केलेल्या एका प्रयोगात लसणाच्या गोळ्या घेणाऱ्या गटात २४ वेळा सर्दी झाली आणि न घेणाऱ्यांत ६५ वेळा. "प्रयोग एकच आहे, त्यावर भरवसा ठेवण्याएवढा पुरावा नाही, असंही लिहिलंय," ती म्हणाली. यजमानांनी मात्र त्या निष्कर्षावर तत्काळ विश्वास ठेवला. लसूण खाणाऱ्याच्या जवळ सर्दी झालेला माणूस जातोच कशाला, एवढाच त्यांचा युक्तिवाद होता. काकूंना असल्या पुराव्यांची गरज नसते. त्यांनी मला गुडघ्यावर ठेचलेला लसूण बांधून झोपायला सांगितले होते. कच्चा ठेचलेला लसूण त्वचेवर तासन्‌तास बांधून ठेवला तर भाजल्यासारखे फोड येतात, हे डॉक्टरांच्या नोंदींत अनेकदा आलेले आहे, आणि माझा गुडघा त्या नोंदींत जाऊ नये अशी माझी इच्छा होती.

खाण्याचे मात्र मी नेमाने करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथात ताज्या लसणाची मात्रा दिवसाला २ ते ५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक पाकळी, अशी दिलेली आहे. एक पाकळी ही फार क्षुल्लक गोष्ट वाटते, पण तिचा व्याप मोठा असतो. लोकांची समजूत अशी की लसणाचा वास तोंडात राहतो, म्हणून दात घासले की प्रश्न मिटला. तोंडातला वास खरोखरच जातो. पण पचनाच्या वेळी ॲलिल मिथाइल सल्फाइड नावाचे एक द्रव्य तयार होते, ते शरीरात लवकर मोडत नाही, रक्तात मिसळते, रक्तावाटे फुप्फुसांत येते आणि तिथून दर श्वासाबरोबर कितीतरी तास बाहेर पडत राहते. दात घासून झाल्यावर फुप्फुसे कशी घासावीत? लसणाबरोबर दूध घेतले तर हा वास कमी होतो, असे अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांना २०१० मध्ये आढळले. त्यांत साय न काढलेले दूध अधिक गुणकारी ठरले, आणि नंतर पिण्यापेक्षा बरोबर प्यायलेले. हा शोध यजमानांच्या वाचनात आल्यापासून मी पाकळी तोंडात टाकली की ते काही न बोलता उठतात, पेलाभर दूध माझ्यापुढे ठेवतात आणि ते संपेपर्यंत समोर उभे राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे दांपत्यजीवनातील वात्सल्य वाटते.

मध्यंतरी माझी अक्कलदाढ काढायची ठरली. लसणातील अजोईनसारख्या द्रव्यांमुळे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बिंबिका (प्लेटलेट) एकमेकींना चिकटण्याचा वेग मंदावतो, म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी निदान ७ दिवस तो औषध म्हणून घेणे थांबवायला सांगतात, हे मला ठाऊक होते. दंतवैद्यांनी कागद पुढे ओढला आणि सध्या कोणकोणती औषधे चालू आहेत असे विचारले, तेव्हा मी प्रामाणिकपणे सांगितले, "बाकी काही नाही, फक्त लसूण घेते." त्यांनी मास्क नाकावर जरा वर सरकवला आणि म्हणाले, "ते लिहून घेतलंय मी. तुम्ही आत आलात तेव्हाच." दाढ आठवडाभर पुढे ढकलली गेली आणि तोपर्यंत लसूण बंद, असा हुकूम झाला. त्या आठवड्यात माझ्या दाढेला जेवढी सहानुभूती मिळाली तेवढी मला उभ्या संसारात मिळाली नव्हती. मुलगी अभ्यासाला माझ्या खोलीत येऊन बसू लागली, सासूबाईंनी शेजारी बसून जुन्या गोष्टी सांगितल्या, आणि दाढ निघाल्यावर दवाखान्यातून घरी परतताना यजमानांनी माझा हात हातात घेऊन, अतिशय काळजीच्या सुरात विचारले, "दुसऱ्या बाजूचीही थोडी दुखते, असं म्हणत होतीस ना?"